गुन्ह्याला तारीख हवी: किनाऱ्यावरच्या गावात खाती एकत्र कशी आणावीत

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात आपण नुकतेच ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आला आहात. गेल्या वर्षभरात चाकरमान्यांची तीन बंद घरे फुटली, जेट्टीवर लावलेल्या होडीचे आउटबोर्ड इंजिन चोरीस गेले, आणि समुद्राकाठच्या सुरूच्या बनात दिवेलागणीनंतर नशा करणाऱ्या मुलांचे टोळके बसू लागल्यापासून बायकांनी ती वाट सोडली. पोलीस म्हणतात लेखी द्या, सागरी पोलीस म्हणतात हद्द आमची नाही, मत्स्यव्यवसाय खाते म्हणते चोरी हा पोलिसांचा विषय, महावितरण म्हणते दिवे ग्रामपंचायतीचे, आणि ग्रामपंचायत म्हणते निधी नाही. तेव्हा या सर्व खात्यांची मिळून एक सुरक्षा समिती स्थापन करावी का आणि गावात कॅमेरे बसवावेत का, असे आपण विचारले आहे.

मी पोलीस खात्यात एकतीस वर्षे काढली आणि त्यांतली बहुतेक रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, तेव्हा या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. 'लेखी द्या' हे वाक्य मीही पुष्कळ वेळा उच्चारले आहे. समिती स्थापन करण्यास माझा विरोध नाही, पण माझ्या पाहण्यातल्या अशा समित्यांपैकी बहुतेकींचा प्रवास एकसारखाच झाला: पहिल्या सभेला सगळे खातेप्रमुख, चहा आणि छायाचित्र, दुसऱ्या सभेला त्यांचे लिपिक, तिसरी सभा झालीच नाही. याचे कारण अधिकाऱ्यांचा आळस एवढेच नसते. 'गावाची सुरक्षा' हा विषय कोणत्याही एका टेबलावरचा नसतो, आणि जो विषय कोणाच्याच टेबलावरचा नसतो त्यावर सगळे सहमत होतात आणि कोणीही उठून काही करत नाही.

आपण एक प्रश्न विचारला असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. बंद घरे फोडणारा माणूस, इंजिन नेणारा माणूस आणि सुरूच्या बनात बसणारा मुलगा हे तिघे बहुधा वेगवेगळे आहेत, आणि तिघांना रोखू शकणारी माणसेही वेगवेगळी आहेत. खाती ठिकाण आणि वेळ ठरलेल्या कामाभोवती एकत्र येतात; सुरक्षा या शब्दाभोवती येत नाहीत. म्हणून समिती नंतर, आधी हे तीन प्रश्न सुटे करा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. आपल्या गावापासून पोलीस ठाणे किंवा दूरक्षेत्र (पोलीस चौकी) किती अंतरावर आहे, मध्ये खाडी असून ती होडीने ओलांडावी लागते की सरळ रस्ता आहे, बीट अंमलदाराकडे (आपल्या भागाची गावे सांभाळणाऱ्या पोलिसाकडे) किती गावे आहेत, पोलीस पाटलाचे पद भरलेले आहे की दोन वर्षे रिकामे आहे, आणि वाड्यावाड्यांत बोलाचाल आहे की देवळाच्या मानापानावरून अबोला आहे, यांवर पुढचे बरेच काही ठरेल. ज्या गावात पालखी कोणत्या वाडीत आधी जावी यावरून कोर्टकज्जे चालू आहेत, तिथे रात्रीची गस्त सुरू करणे म्हणजे भांडणाला आणखी एक जागा देणे आहे. तेथे मी आधी शिमगा शांततेत पार पाडण्यावर भर दिला असता.

आता बंद घरांकडे वळतो, कारण कोकणातल्या गावांचा हा खास प्रश्न आहे आणि त्यातच खाती एकमेकांशी कशी जोडली जातात हे सर्वांत स्पष्ट दिसते.

मी प्रभारी असलेल्या एका ठाण्याच्या हद्दीत दरवर्षी मे महिन्यात घरफोडीच्या तक्रारी एकदम वाढत. वरिष्ठांच्या आढावा बैठकीत मला विचारणा होई की मे महिन्यात तुमच्याकडे टोळी येते काय. टोळी येत नव्हती, चाकरमानी येत होते. गणपतीनंतर कुलूप लावून गेलेला माणूस शिमग्याला आला नाही तर थेट मे महिन्यात येतो, मागील पडवीचे दार उचकटलेले पाहतो, तांब्यापितळेची भांडी आणि देवाचे टाक गेलेले पाहतो आणि ठाण्यात येतो. चोरी केव्हा झाली, या प्रश्नाला त्याच्याकडे 'सप्टेंबर ते मे' एवढेच उत्तर असते. आठ महिन्यांच्या अवधीत मी काय तपासणार? नाक्यावरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पंधरा ते तीस दिवसांत पुसले जाते. लॉजचे रजिस्टर पाहायचे तर कोणत्या रात्रीचे पाहायचे? मोबाइल मनोऱ्याची माहिती मागायची तर कोणत्या तारखेची? भंगारवाल्याला विचारायचे तर तो काय आठवणार? तपास तिथेच संपत असे, आणि मालकाला वाटे की पोलिसांनी मनावर घेतले नाही.

म्हणून आम्ही चोर पकडण्याच्या आधी गुन्ह्याची तारीख पकडायचे ठरवले. प्रत्येक वाडीत एक माणूस नेमला आणि त्याने दर पंधरा दिवसांनी बंद घरांभोवती, विशेषतः मागच्या बाजूने, न्हाणीघराच्या आणि मांगराच्या अंगाने एक फेरी मारून पोलीस पाटलाच्या वहीत फक्त तारीख आणि 'ठीक' किंवा 'ठीक नाही' एवढेच लिहायचे, असे ठरले. एवढ्याने आठ महिन्यांचा अवधी पंधरा दिवसांवर आला. पहिल्याच हिवाळ्यात एका घराचे दार उघडे सापडले ते बाराव्या दिवशी, आणि त्या बारा दिवसांत वाडीत काजूच्या बागेचे कुंपण करायला कोण आले होते, कोणता टेम्पो रात्री पाणंदीत उभा होता, हे लोकांना आठवत होते. तालुक्याच्या ठिकाणच्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात तो टेम्पो सापडला. या तपासात कोणाचीही थोर बुद्धी चालली नव्हती. केवळ तारीख हाती होती.

आता पाहा, त्या एका वहीने किती खाती जोडली. पोलीस पाटील हा महसूल आणि पोलीस या दोघांमधला दुवा आहे. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात आणि गावातल्या घडामोडींची खबर देणे हे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे त्याचे कर्तव्यच आहे. कोणते घर बंद आहे हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून कळत नाही, पण वाडीवाडीतून पायी हिंडणाऱ्या माणसांना कळते: आशाताई, अंगणवाडी सेविका, मीटरचे रीडिंग घेणारा, पिग्मी गोळा करणारा, पाटीत मासळी घेऊन दारोदार जाणारी बाई. या माणसांना समितीत खुर्ची देण्याची गरज नाही. काही वेगळे दिसले तर कोणाला सांगायचे एवढे त्यांना ठाऊक असले, आणि सांगितल्यावर त्यांचे नाव चव्हाट्यावर येणार नाही याची खात्री असली, की पुरे.

आणि एक संस्था आपण आपल्या यादीत धरलीच नाही: आपल्या गावाचे मुंबईतले ग्रामस्थ मंडळ. घरे त्यांची, फोन क्रमांक त्यांच्याकडे, आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाखो रुपये उभे करण्याची ताकदही त्यांचीच. आमच्याकडे मंडळाने प्रत्येक सभासदाला एक पान पाठवले होते: घर सोडताना मौल्यवान वस्तू मागे ठेवू नका, भांड्यांची आणि टाकांची छायाचित्रे काढून ठेवा, मागच्या दाराला आतून आडणा घाला, आणि आपल्या अनुपस्थितीत घर पाहण्याची परवानगी कोणाला दिली आहे ते लिहून कळवा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भावाभावांत वाटणीचा वाद असलेल्या घराभोवती कोणी फिरले तर त्यातूनच एखादी तक्रार उभी राहते.

मालक डोंबिवलीत आणि चोरी गावात, अशा वेळी तक्रारीसाठी तो येईपर्यंत थांबण्याचे आता कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी केल्यावर नोंदवून घेतली जाते. मात्र शेजाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. दार उघडे दिसल्यावर आपल्या बायाबापड्या सवयीने आत जातात, विस्कटलेले आवरतात, केरही काढतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून ठसेतज्ज्ञ येईपर्यंत घर दिवाळीसारखे लख्ख झालेले असते. दाराबाहेर एक माणूस बसवा आणि कोणालाही आत जाऊ देऊ नका.

वही ठेवताना एका धोक्याची जाणीव ठेवा. बंद घरांची यादी म्हणजे चोरासाठी तयार जेवणाचे पान आहे. ती व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू नये. एक प्रत पोलीस पाटलाकडे आणि एक बीट अंमलदाराकडे, एवढेच. एका गावात उत्साही तरुणांनी ती गटात टाकली होती आणि गटात तीनशे जण होते.

जेट्टीवरच्या इंजिनाचा प्रश्न वेगळ्या माणसांचा आहे. 'हद्द आमची नाही' हे उत्तर तक्रार घेण्यापुरते तरी टिकत नाही, ते वर सांगितलेच. सर्वसाधारण विभागणी अशी असते की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात सागरी पोलिसांची गस्त असते आणि त्यापलीकडे तटरक्षक दलाची. बंदराची जागा महाराष्ट्र सागरी मंडळाची किंवा मत्स्यव्यवसाय खात्याची असू शकते, तर होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे. पण चोरीस गेलेल्या इंजिनाबाबत या सर्वांपेक्षा उपयोगी कागद मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कपाटात असतो: खरेदीचे बिल आणि त्यावरचा इंजिन क्रमांक. मालकाला विचाराल तर तो रंग सांगेल, कंपनी सांगेल, अश्वशक्ती सांगेल, क्रमांक सांगू शकणार नाही. क्रमांकाशिवाय दुसऱ्या बंदरात तेच इंजिन समोर दिसले तरी पोलिसांना ते हातात घेता येत नाही. तेव्हा सोसायटीच्या सचिवांनी एका दुपारी बसून सर्व होड्यांच्या इंजिनांचे क्रमांक लिहून काढावेत, आणि ज्यांच्याकडे बिल नाही त्यांच्या इंजिनावरचा क्रमांक खडू फिरवून टिपून घ्यावा. हे काम पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै या काळात, होड्या वर ओढलेल्या असताना सहज होते. चोऱ्याही त्याच काळात जास्त होतात, कारण जेट्टीवर वर्दळ नसते.

सागर रक्षक दलाविषयी, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवण्यात पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या दलाविषयी, आपण लिहिलेले नाही, पण आपल्या गावात ते कागदावर तरी असेलच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहा दहशतवादी समुद्रमार्गे, एक मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले, आणि त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, 'सागर कवच' हा किनारी सुरक्षेचा सराव हे सर्व वाढत गेले. त्याच्याही आधी, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरवली गेली होती. त्या प्रकरणाचा मला नेहमी एक वेगळाच धडा दिसतो. तिथे खात्यांमध्ये सहकार्य नव्हते असे म्हणता येणार नाही. सीमाशुल्क आणि पोलीस या दोन्ही खात्यांतल्या काही जणांना टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने पुढे दोषी ठरवले. सहकार्य होते, पण ते भलत्याच लोकांशी होते. म्हणून कोणतीही माहिती एकाच माणसाकडून वर जाईल अशी व्यवस्था मी कधी ठेवली नाही. वहीची दुसरी प्रत असावी, आणि गावाला दोन क्रमांक पाठ असावेत, ११२ आणि सागरी सुरक्षेसाठी १०९३.

हे क्रमांक केवळ दहशतवादासाठी नाहीत. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ वाहत आलेल्या निर्मनुष्य बोटीत तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा ती बोट आधी किनाऱ्यावरच्या लोकांच्या नजरेस पडली होती. पुढे ती भरकटलेली परदेशी नौका असल्याचे निष्पन्न झाले, पण त्या सकाळी ते कोणाला ठाऊक होते? २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर आपल्याच दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली. अशा वेळी पाकीट उचलून घरी नेणारा मुलगा 'बघायला आणले' म्हणाला तरी कायद्याच्या दृष्टीने ते बाळगणेच ठरते. हात न लावणे, जागा राखणे आणि फोन करणे, या तीन गोष्टी शाळेत एकदा जाऊन सांगण्यास बीट अंमलदाराला अवश्य बोलवा. त्या निमित्ताने मुले त्याला ओळखू लागतात, आणि हा लाभ पुढे सुरूच्या बनात उपयोगी पडतो.

सुरूच्या बनाचा प्रश्न तिन्हींत अवघड आहे, कारण तिथे बसणारी मुले आपलीच आहेत. आपण पोलिसांना लेखी अर्ज दिलात तर एखाद्या संध्याकाळी जीप येईल, चार मुलांना ठाण्यात नेतील, आई-वडील आपल्याच दारात येऊन रडतील आणि पंधरा दिवसांनी टोळके मागच्या खाडीकडे बसू लागेल. कारवाई नकोच असे मी म्हणत नाही; ती कोणावर व्हावी हा प्रश्न आहे. पुडी आणून देणारा बहुधा एकच असतो आणि तो बनात बसत नाही. अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे, आणि तो तपास पोलिसांनीच करायचा आहे. उलट, केवळ सेवन करणारा जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. हे आई-वडिलांना सांगणारा माणूस गणवेशातला नसावा. आमच्याकडे हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका परिचारिकेने आणि निवृत्त मुख्याध्यापकांनी केले, आणि मी त्या घरांकडे फिरकलोही नाही. दोन मुले उपचाराला गेली. एक परत व्यसनाकडे वळला. तेही सांगायला हवे.

जागेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बायकांनी वाट सोडली ती अंधारामुळे, की टोळक्यामुळे, की दोन्हींमुळे, हे त्यांनाच विचारा, आणि ग्रामसभेत न विचारता बचत गटाच्या बैठकीत विचारा; ग्रामसभेत त्या बोलणार नाहीत. आमच्या गावात उत्तर अनपेक्षित आले होते: भीती बनाची नव्हती, बनाआधीच्या वळणावरच्या पडक्या बर्फ कारखान्याची होती. आम्ही बनात दिवे लावायला निघालो होतो.

दिव्यांच्या बाबतीत किनाऱ्यावर एक अडचण आहे, जी घाटावरच्या गावांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या कित्येक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले पाण्याकडे जाताना प्रखर उजेडाने भरकटतात. पुळणीकडे तोंड करून मोठा दिवा लावलात तर वन खाते आक्षेप घेईल आणि तो आक्षेप रास्त असेल. एका ठिकाणी अशाच दिव्यावरून ग्रामपंचायत आणि वन खाते वर्षभर एकमेकांना पत्रे लिहीत होती. शेवटी तहसीलदारांनी सर्वांना जागेवरच बोलावले आणि अर्ध्या तासात ठरले की दिवे किनाऱ्यावर न लावता वस्तीकडून येणाऱ्या वाटेवर, कमी उंचीवर, झाकण असलेले आणि खाली तोंड केलेले लावायचे. त्याच वेळी कळले की पहाटे अंडी शोधत किनारा पायी पालथा घालणारे कासवमित्र हे किनाऱ्यावरचे सर्वांत नियमित डोळे आहेत आणि त्यांच्याकडे पोलिसांचा क्रमांकच नव्हता.

या प्रसंगातली तहसीलदारांची भूमिका लक्षात घ्या. पोलीस निरीक्षक वन खात्याला किंवा महावितरणला बैठकीस बोलावू शकत नाही. बोलावले तरी ते येतीलच असे नाही. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, तालुक्यातली बहुतेक खाती त्यांच्या बैठकीला येतात, आणि आले नाही तर त्याची नोंद होते. म्हणून आपले पत्र त्यांच्या नावे असावे आणि पोलीस ठाणे, वन परिक्षेत्र, मत्स्यव्यवसाय कार्यालय, महावितरण यांना त्याच्या प्रती जाव्यात. पत्रासोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. पण ठरावात 'गावात सुरक्षा वाढवावी' असे लिहू नका. त्याला 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मिळतो आणि कागद फिरत राहतो. 'जेट्टीपासून सोसायटीच्या गोदामापर्यंत तीन खांबांवर दिवे नाहीत, खांब महावितरणचे आहेत, दिवे आणि वीजबिल ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून देण्यास तयार आहे, जोडणी अमुक तारखेपर्यंत मिळावी' असे लिहा. ज्या पत्रात आपला वाटा आधी लिहिलेला असतो, त्याला नकार देणे अधिकाऱ्याला जड जाते.

परदेशात हे काम कायद्यानेच बांधून दिलेले आढळते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने पोलीस आणि स्थानिक परिषदा यांच्यावर गुन्हे कमी करण्यासाठी एकत्र काम करण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडेही प्रयोग झाले आहेत आणि त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत मिरवणाऱ्या पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसे आणि बीटचा हवालदार समोरासमोर बसत, यात त्या प्रयोगाचे मर्म आहे. आपल्या गावात समिती करायचीच असेल तर ती तशी करा: पोलीस पाटील, बीट अंमलदार, सोसायटीचा सचिव, बचत गटातली एक बाई, वाडीवाडीचा एक माणूस. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तास. अजेंडा एकच: मागच्या वेळी कोणी काय करायचे कबूल केले होते आणि ते झाले का. ज्याने खबर दिली त्याला पुढे काय झाले ते कळवणे हेही त्यात येते. खबर देऊन महिनाभर उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही.

वही गावात राहावी, ठाण्यात नव्हे. माझ्यासारखे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नवीन आलेला पहिल्यापासून सुरुवात करतो. मी एका गावातून बदलून गेल्यावर तिथल्या पोलीस पाटलांनी माझ्या जागी आलेल्या साहेबांसमोर वही ठेवली, आणि त्यांनी, मला नंतर कळले त्याप्रमाणे, पहिल्याच आठवड्यात एक चूक शोधून काढली: ज्या वाडीत सदैव 'ठीक' लिहिले जात होते, तिथला माणूस फेरी न मारता घरी बसूनच लिहीत होता. मला दीड वर्षात ते दिसले नव्हते.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. बसवा, पण देवळात एक आणि ग्रामपंचायतीवर एक असे मानाचे कॅमेरे नकोत. गावात येणाऱ्या तिठ्यावर आणि जेट्टीच्या तोंडाशी असू द्या, जिथून वाहनाला जावेच लागते. खारा वारा, पावसाळा आणि विजांचा कडकडाट यांनी ते लवकर निकामी होतात, तेव्हा खरेदीच्या ठरावातच देखभालीचा करार आणि बॅटरीची सोय लिहा. चित्रण कोण पाहू शकेल हेही ठरवा, नाही तर ते गावगप्पांचे साधन बनते.

रात्रीच्या गस्तीबद्दल मात्र मी सावध आहे. ग्रामसुरक्षा दल करायचे असेल तर सभासदांची नावे ठाण्यात नोंदवलेली असावीत, जोडीने फिरावे, हातात बॅटरी आणि शिटी असावी, आणि पकडापकडीचा मोह टाळावा. (दारूबंदी कायद्याखालचे ग्रामरक्षक दल वेगळे, नावे सारखी असल्याने गोंधळ होतो.) डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण नव्या संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब आणि फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावेच लागते, आणि मारहाण केली तर पकडणाराच आरोपी होतो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवांच्या दिवसांत जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या केली. गस्त घालणारे हात भीतीने भरलेले असतील तर काय होते, ते तिथे दिसले. आपल्याकडे बागांचे राखणदार आणि बोटींवरचे खलाशी पुष्कळ वेळा नेपाळ किंवा परप्रांतातले असतात, आणि चोरी झाली की पहिली नजर त्यांच्यावर जाते. बागायतदारांनी आणि बोटमालकांनी त्यांची ओळखपत्रे व छायाचित्रे ठाण्यात दिलेली असली तर तपासाला मदत होतेच, शिवाय निरपराध माणसाला जमावासमोर उभे राहावे लागत नाही. माझ्या हद्दीत एका आंब्याच्या चोरीत राखणदाराला बांधून ठेवले होते. आंबे मालकाच्या पुतण्याने विकले होते.

आपल्या जागी मी असतो तर या महिन्यात दोनच गोष्टी केल्या असत्या: बंद घरांच्या फेऱ्या सुरू केल्या असत्या आणि सोसायटीत बसून इंजिनांचे क्रमांक लिहून घेतले असते. दोन्हींना निधी लागत नाही, कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही, आणि दोन महिन्यांनी तहसीलदारांसमोर जाताना आपल्या हातात तक्रारीऐवजी नोंद असेल. सुरूच्या बनाला हात घालण्याआधी बचत गटातल्या बायकांचे ऐकून घ्या.

आपल्या गावात पोलीस पाटील आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. पद रिकामे असेल तर वर सांगितलेली पत्रे थोडी बाजूला ठेवून पहिले पत्र प्रांताधिकाऱ्यांना ते पद भरण्यासाठी द्या, आणि तोवर वही कोणाकडे ठेवायची ते इथे कळवा, म्हणजे फेरीच्या नोंदीचा साधा नमुना मी लिहून देईन.